बाटली मास्तरची, आकडा माझा

…नाही, पण मी म्हणतो, माझा वास कशाला घ्यायचा? माणूस माणसाकडे येतो, बसतो, पाणी पितो, चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी करतो… तर नाही! परवा वहिनी आल्या, तीन मजले चढून आल्या, आणि "कसे आहात भावजी" नाही, काही नाही, सरळ माझ्या कॉलरपाशी नाक! एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मग म्हणतात, "हं. आज ठीक आहे." आज ठीक आहे! म्हणजे काल काय होतं? तुम्हाला सांगतो, अगदी गळ्याला हात लावून सांगतो, मी आयुष्यात एक झुरका मारलेला नाही! एक म्हणजे एकही नाही! मिसरूड फुटत होतं तेव्हा गल्लीतली झाडून सगळी पोरं भिंतीमागे जाऊन ओढायची, आणि मी? मी भिंतीच्या अलीकडे उभा राहून कुणाचा बाप येतोय का ते बघायचो. तेव्हापासून माझं काम ठरलेलंच आहे… धूर दुसऱ्याचा, पहारा माझा.

आता वहिनी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही भलताच अर्थ काढाल. वहिनी म्हणजे मास्तरची बायको. आणि मास्तर म्हणजे आमचा कटर. आम्ही शिंपी. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक लांब टेबल, एक मशीन, एक इस्त्री, एक खिडकी, आणि ती खिडकी उघडायची नाही, कारण वाऱ्यानं कागदाचे साचे उडतात. मास्तर कापतो, मी शिवतो. सव्वीस वर्षं! मला तो बॉबिन म्हणतो, म्हणजे मशीनच्या पोटातली दोऱ्याची रिळी. का? तर म्हणे, "तू खाली बसतोस, कुणाला दिसत नाहीस, आणि तू संपलास की सगळं काम थांबतं." हे कौतुक आहे की टोमणा, ते सव्वीस वर्षांत मला कळलेलं नाही.

पण हात! मास्तरचा हात तुम्ही पाहिलेला नाही म्हणून तुम्ही असे निवांत बसलात. माणूस दारातून आत आला की हा त्याच्याकडे डोळे बारीक करून बघणार, टेप घेणार तोही आपला रीत म्हणून, कापडावर खडू फिरवणार, आणि मग कात्री… एका दमात, खांद्यापासून कमरेपर्यंत, मध्ये थांबणं नाही! आणि हे सगळं करताना तोंडात? सिगारेट! दिवसाला वीस. कापडावर राख म्हणून कधी पडली नाही हो, एकदा नाही. ती कुठं पडायची? खाली. खाली कोण बसलेलं असायचं?… जाऊ द्या.

तर हा मास्तर गेल्या वर्षी वरच्या फळीवरचा तागा काढायला स्टुलावर चढला आणि तागा, स्टूल, मास्तर, सगळे एकदम खाली. उजवं मनगट! तीन महिने प्लास्टर. प्लास्टर काढलं तर हाड जसंच्या तसं मोडलेलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "कमरेचं थोडं हाड काढून इथं बसवावं लागेल." मी म्हटलं, म्हणजे ठिगळ! डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं… पण म्हणाले, "हो, ठिगळच. आणि ते ठिगळ धरायला रक्त पोचायला हवं. निकोटिननं रक्तवाहिन्या आखडतात. तुम्ही ओढत राहिलात तर हाड जुळणार नाही, आणि कात्री विसरा. सहा आठवडे पूर्ण बंद. मग लघवीची चाचणी करू. निकोटिनचं शरीरात कोटिनीन होतं, ते लपत नाही. चाचणी कोरी आली, तरच टेबलावर घेईन." आणि पुन्हा प्लास्टर घातलं.

'कात्री विसरा' म्हटल्यावर मास्तरचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. वहिनींनी तिथल्या तिथं त्याच्याकडून शपथ घेतली, आणि यानं ती घेतलीही, डोळ्यात पाणी आणून! वहिनींना वाटलं, सुटली. मलाही वाटलं, सुटली. दुसऱ्या दिवशी खोलीत येऊन बघतो तर महाराज डाव्या हातानं काडी ओढताहेत!

"अरे मास्तर!"

"चारच रे. विसावरून चारावर आलोय. ओरडतोस काय?"

चाराच्या सहा झाल्या, सहाच्या नऊ झाल्या, आणि बघता बघता चाचणीचा दिवस आला. त्या दिवशी सकाळी यानं मला तीन चहा पाजले. तीन! स्वतः ओतून, डाव्या हातानं, अर्धा बशीत सांडत. मला वाटलं, हाताला लागल्यापासून बिचारा हळवा झालाय. मला वाटलं प्रेम आहे हो!

दवाखान्यात नमुने घेणारी एक ताई होती. तिनं मास्तरच्या हातात एक बाटली दिली, मास्तरचं प्लास्टर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, यांना झाकण उघडता येणार नाही, तुम्ही आत जा सोबत." आत गेलो. दार लावलं. आणि मास्तर काय म्हणतो?

"भर."

"काय भर?"

"बाटली भर. तू आयुष्यात एक झुरका मारलेला नाहीस. तुझं म्हणजे झऱ्याचं पाणी. भर लवकर."

तीन चहा! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! मी म्हटलं, "मास्तर, ही लबाडी आहे. आणि लबाडी राहू दे, हाड जुळायचं नाही रे! तो डॉक्टर काय तुझा शत्रू आहे?" तर तो म्हणतो, "टेबलावर घेतलं की त्या दिवसापासून सोडतो. आज तारीख गेली तर पुन्हा दीड महिना नंबर नाही. दीड महिना मी नुसता बसून राहू? बॉबिन, मला बसून राहता येत नाही रे." आणि हे म्हणताना तो डाव्या हाताची दोन बोटं हवेत उघडतोय, मिटतोय… कात्री चालवल्यासारखी. त्याचं त्याला कळत नव्हतं. मी बघितलं आणि… काय करणार होतो मी? तुम्ही काय केलं असतं?

पण तुम्हाला सांगतो, मनात आलं म्हणून होत नाही ते! पोटात तीन चहा, हातात बाटली, बाजूला मास्तर, आणि… काही नाही! एक थेंब नाही! मास्तर कुजबुजतोय, "सोड ना लेका!" मी म्हणतोय, "येत नाही!" "नळ सोडू का?" "सोड!" नळ सोडला. "शीळ घालू?" "तोंड बंद कर!" बाहेरून ताई विचारतेय, "काका, झालं का?" आणि मास्तर आतून कण्हत ओरडतोय, "बटणं फार आहेत हो!" ती पँट माझीच शिवलेली! मी चेन लाव म्हणत होतो, यालाच बटणं हवी होती! शेवटी झालं. बाटलीवर एक रेघ होती, बरोबर रेघेपर्यंत भरली. सव्वीस वर्षं रेघेवर शिवतोय, त्या दिवशीही सोडली नाही.

मग दोन दिवस माझ्या सुया मोडत होत्या. पायडलवर पाय ठरेना. सारखं वाटायचं, मी त्याला मदत केली की त्याचा हात घालवला? तिसऱ्या दिवशी रिपोर्ट. डॉक्टरांच्या समोर मास्तर, त्याच्या शेजारी वहिनी, मागे स्टुलावर मी. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला.

"अभिनंदन! तुम्ही सोडलीत."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी श्वास सोडला.

"पण…" म्हणाले. हे डॉक्टर लोक 'पण' म्हणतात ना, तेव्हा आपण दारापाशी असायला पाहिजे. "पण हा आकडा बघा. पाचाच्या आत असला तर माणूस कोरा. ओढणाऱ्याचा येतो शेकड्यांनी. तुमचा आलाय एकतीस. म्हणजे तुम्ही ओढत नाही, पण तुमच्या अगदी शेजारी बसून कुणीतरी ओढतंय. रोज. तासन्‌तास. घरी कुणी आहे?"

"घरी आम्ही दोघंच," वहिनी म्हणाल्या.

"कामाच्या जागी किती माणसं?"

"दोन."

आणि मग, तुम्हाला सांगतो, तीन माना एका वेळी वळल्या. डॉक्टरांची, वहिनींची, आणि… मास्तरची! मास्तरसुद्धा माझ्याकडे बघतोय! अरे, तू कशाला बघतोस?

"भावजी… तुम्ही?"

अहो वहिनी, मी आयुष्यात… असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण पुढचं काय सांगणार? की मी नाही, हा ओढतो? मग बाटली कोणाची? मी आ वासला, तो वासलेलाच राहिला. आणि डॉक्टर सुरू झाले! "लाज वाटत नाही? हा माणूस एवढ्या कष्टानं सोडतोय, हाताचा प्रश्न आहे, आणि तुम्ही याच्या तोंडावर धूर सोडता? कुठले मित्र तुम्ही?" मी मान खाली घातली. दुसरं काय घालणार?

मग डॉक्टर मास्तरकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "शेजारच्याचा धूर साधी गोष्ट नाही हो. छातीला लागतो, हृदयाला लागतो. न ओढता ओढतोय तो माणूस. बरं, मला सांगा, सकाळी खोकला येतो तुम्हाला?"

मास्तरनं प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "येतो."

मी चमकलो. याला कुठला खोकला? घोड्यासारखी छाती याची.

"किती वर्षं?"

"तीन. आल्या आल्या पंधरा मिनिटं. त्याला… मला वाटतं, कापडाच्या धुळीचा आहे."

"धाप लागते जिना चढताना?"

"दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. पण धाप लागली म्हणून सांगत नाही. खिशात किल्ली शोधल्यासारखं करतो… मी. किल्ली माझ्याकडे… म्हणजे, त्याच्या खिशात किल्ली नसतेच मुळी. मग खाली वाकून चपलेचा पट्टा बघतो. मग चढतो."

अहो, ते सगळं माझं होतं. खोकला माझा, किल्ली माझी, चप्पल माझी! मला वाटायचं, कुणाला कळत नाही. तीन वर्षं हा माणूस माझ्यापुढे सहा पायऱ्यांवर पाठमोरा उभा राहून सिगारेट पेटवायचा. मला वाटायचं, पेटवायला थांबलाय. त्याच्या पाठीला डोळे आहेत हे मला काय माहीत? मी स्टुलावर बसून त्याची मान बघत राहिलो.

डॉक्टर म्हणाले, "तरी तुमचं ऑपरेशन करता येईल. परवाच घेऊ."

"नको," मास्तर म्हणाला. "सहा आठवडे थांबा."

"का?"

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. "आधी याला सोडू दे."

डॉक्टरांचा चष्मा ओला झाला! खरंच सांगतो. त्यांना वाटलं, काय हा मित्र! स्वतःचा हात बाजूला ठेवून दुसऱ्याचं व्यसन सोडवतोय. मला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "असा माणूस मिळालाय, त्याच्यासाठी तरी सोडा हो!" मी म्हटलं, "सोडतो." आणखी काय म्हणणार!

वहिनी घरी गेल्या, आम्ही दोघं खोलीकडे परत आलो. जिना चढायला लागलो. पहिला मजला. दुसरा मजला. मी थांबलो, सवयीनं हात खिशात गेला… तर हा वर न जाता माझ्या पायरीवर येऊन उभा राहिला. त्यानंही डावा हात खिशात घातला. "शोध," म्हणाला, "मीपण शोधतो." आणि आम्ही दोघं म्हातारे तिथं उभे, खिशात हात घालून, नसलेली किल्ली शोधत. थोड्या वेळानं त्याच्या खिशातून सिगारेटचं पाकीट निघालं. त्यानं ते माझ्या खिशात टाकलं.

"तो आकडा तुझा होता रे," म्हणाला.

"असू दे."

"बाटली माझी होती."

"असू दे म्हटलं ना."

"सव्वीस वर्षं रे, बॉबिन." एवढंच बोलला आणि वर चढून गेला.

आणि मग सुरू झाले ते सहा आठवडे… अहो, काय सांगू तुम्हाला! सोडली त्यानं, पण हाल कुणाचे? माझे! हात प्लास्टरमध्ये, काम नाही, तोंडात काही नाही. हा स्टुलावर बसून माझे टाके मोजायचा. मोजायचा! "इंचाला नऊ घातलेस, दहा हवेत." उसव. "बाही रडतेय, चुण्या बघ." उसव. चौथ्या दिवशी तर मशीनचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही म्हणून माझ्याशी भांडला. आणि तिकडे वहिनी! त्यांनी माझ्यावर पाळत ठेवली. रोज दुपारी वर यायच्या, माझे खिसे चाचपायच्या, बोटं हुंगायच्या, लिमलेटच्या गोळ्या द्यायच्या. "भावजी, तलफ आली की एक तोंडात टाका." त्यांची पाठ वळली की गोळ्या मास्तर खायचा. आणि एकदा माझ्या खिशात मास्तरचं ते जुनं पाकीट सापडलं. आठ दिवस ते माझ्याच खिशात, टाकायचं राहून गेलेलं! वहिनी जमिनीवर बसून रडल्या हो! मास्तर भिंतीकडे तोंड करून उभा. आणि मी माफी मागतोय! "पुन्हा नाही वहिनी, चुकलो वहिनी…" मी! ज्यानं आयुष्यात एक झुरका मारलेला नाही!

घरी बायकोपर्यंत बातमी गेली. मला वाटलं, आता संपलं. तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुम्ही? ओढायला? तुम्हाला दूध पिताना ठसका लागतो." मग सुरी बाजूला ठेवून म्हणाली, "सव्वीस वर्षं तुमचे शर्ट धुतेय मी. धूर कुणाचा ते मला ठाऊक आहे. पण तुम्ही त्यांच्याजवळून उठणार नाही हेही ठाऊक होतं, म्हणून बोलले नाही." आणि पुन्हा चिरायला लागली. बरं, हे आधी सांगायला काय झालं होतं हिला?

नवव्या दिवशी खोलीत आलो तर टेबलावर एक सिगारेट. एकच. मास्तर समोर बसलेला, कपाळावर घाम. मी मशीनला तेल घालत बसलो. अर्ध्या तासानं त्यानं खडू घेतला, सिगारेटवर समान अंतरावर रेघा मारल्या, डाव्या हातात मोठी कात्री घेतली आणि कचकच तिचे सात तुकडे केले. तोपर्यंत डाव्या हातानं त्याला एक रेघ धड कापता आली नव्हती. ते सातही तुकडे सारखे! मी टेप लावून बघितले.

पाच वाजता त्याची तलफ जोरात यायची. तेव्हा आम्ही मागच्या जिन्यावर जाऊन नुसते उभे राहायचो. हातात काही नाही. दहा मिनिटं. पहिल्यांदा फार विचित्र वाटलं. नंतर लक्षात आलं की खालच्या गॅरेजच्या पत्र्यावर एक मांजर झोपतं. सव्वीस वर्षांत धुरापलीकडे कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या चाचणीला मास्तरची बाटली मास्तरनं भरली. मी फक्त बटणं काढली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आकडा आला दोन! डॉक्टर उठून उभे राहिले आणि हात कुणाचा हातात घेतला? माझा! "बघितलंत? तुम्ही सोडलीत आणि यांचा आकडा उतरला!" ऑपरेशन झालं. ठिगळ बसलं. चार महिन्यांनी मास्तरनं पहिल्यांदा उजव्या हातात कात्री धरली, आणि कापड कुणासाठी घेतलं? माझ्यासाठी. माप न घेता. मी म्हटलं, "टेप?" म्हणतो, "तुझं माप? तू गप्प बस."

इथं संपायला हवं होतं की नाही? पण दवाखान्यानं कार्यक्रम ठेवला! ज्यांनी सोडली त्यांचा सत्कार. पहिलं नाव माझं. मास्तर ताडकन उभा राहिला, "थांबा, मला एक खरं सांगायचं आहे…" वहिनी शेजारी बसलेल्या, नवऱ्यानं पहिल्याच दिवशी शपथ पाळली म्हणून जमलेल्या सगळ्यांना सांगून झालेलं, तोंडावर असा काही आनंद… मी मास्तरच्या पायावर पाय दिला. पायडल दाबतो तसा, पूर्ण. तो खाली बसला. आणि मी पुढे जाऊन प्रमाणपत्र घेतलं, टाळ्यांच्या गजरात.

ते आता खोलीत लावलंय, बरोबर मशीनच्या वर. खिडकी उघडी असते, साचे उडतात, म्हणून त्यांच्यावर इस्त्री ठेवतो. खोकला गेला माझा. दुसऱ्या मजल्यावर थांबतो अजून, पण ते मास्तर थांबतो म्हणून. आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्या चौकटीकडे बघतं, मग माझ्याकडे बघतं, आणि विचारतं, "किती ओढायचात हो?"

पूर्वी मी चिडायचो. शपथा घ्यायचो. आता नाही. आता मी मास्तरकडे बघतो, तो मान खाली घालून कापत असतो, कात्री जरा हळू झालेली असते. मग मी सांगतो, "वीस."

"बाप रे! मग सोडायला त्रास झाला असेल?"

अहो, काय विचारता… मी आयुष्यात एक झुरका मारलेला नाही, आणि सोडायला मला सहा आठवडे लागले!